प्रमाण चेहरा कोणाचा?

(खामगाव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. दातांच्या डॉक्टरांच्या भानगडीत कुठं पडता?" विचारणं बरोबर आहे. मला दात तपासता येत नाहीत आणि आज मी कोणाला वैद्यकीय सल्ला देणार नाही. पण वाकडे दात सरळ करण्याचं जे शास्त्र आहे, ज्याला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात, त्यात एक शब्द रोज वापरला जातो : 'नॉर्म'. मराठीत आपण त्याला 'प्रमाण' म्हणू. हा चेहरा प्रमाणात आहे, तो प्रमाणाबाहेर आहे. आता प्रमाण म्हणजे काय आणि ते कशानं सिद्ध होतं, हा तर आमच्या विषयाचा जुना धंदा. शब्द आमच्या घरचा आहे. तो दुसऱ्याच्या घरी कसा नांदतोय, हे बघायला जायचा अधिकार आम्हाला आहे असं मी मानतो.

मी आज एखाद्या पुस्तकाची समीक्षा करणार नाही, एका प्रकारच्या शोधनिबंधांची करणार आहे. गेल्या काही दशकांत आपल्याकडे असे निबंध बरेच निघाले. शीर्षक साधारण एकाच धाटणीचं असतं : 'अमुक लोकसमूहासाठी चेहऱ्याच्या मृदू ऊतींची प्रमाणं'. मृदू ऊती म्हणजे हाडावरचं मांस, त्वचा. नाक, ओठ, हनुवटीवरचा मऊ भाग. आणि 'अमुक'च्या जागी आंध्र, राजस्थान, उत्तर भारत, असं काहीही. २०११ साली 'इंडियन जर्नल ऑफ डेंटल रिसर्च'मध्ये 'मध्य भारतीय' लोकसमूहासाठीही असा निबंध आला. या निबंधांबद्दल माझं मत असं आहे : त्यांनी एक मोठी चूक दाखवून दिली, हे त्यांचं श्रेय. पण तीच चूक त्यांनी लहान आकारात पुन्हा केली. हे मला तुमच्यापुढे नीट मांडायचं आहे.

मोजतात काय?

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. दातांना तारा लावायच्या आधी डॉक्टर डोक्याचा एका बाजूनं एक्स-रे काढतात. डोकं एका चौकटीत स्थिर धरलेलं असतं, यंत्राचं अंतर ठरलेलं असतं. ही पद्धत १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट यांनी आणि जर्मनीत होफ्राथ यांनी जवळजवळ एकाच वेळी मांडली. त्या चित्रावर काही बिंदू ठरवतात. नाकाच्या मुळाशी एक, वरच्या जबड्यावर एक, खालच्या जबड्यावर एक, हनुवटीवर एक. बिंदू रेषांनी जोडायचे, कोन मोजायचे, अंतरं मोजायची. ती छापील आकड्यांशी ताडून बघायची.

मऊ भागासाठी सर्वांत प्रसिद्ध रेषा रिकेट्स यांची. त्यांनी तिला सौंदर्यरेषाच म्हटलं. तुम्ही घरी जाऊन करून बघा. एक पट्टी घ्या, नाकाच्या टोकाला आणि हनुवटीला टेकवा. प्रौढ माणसात खालचा ओठ या पट्टीच्या सुमारे २ मिलिमीटर मागे आणि वरचा सुमारे ४ मिलिमीटर मागे असावा, असं हे प्रमाण सांगतं. ओठ पट्टीला लागला किंवा पुढे आला, की तो 'पुढे आलेला'.

(श्रोत्यांत हशा) आत्ताच नका करू, आधी ऐकून घ्या.

इथं पहिली गंमत आहे. ही रेषा ओठ मोजते असं आपल्याला वाटतं. पण रेषेची दोन्ही टोकं ओठावर नाहीतच. एक नाकावर आहे, दुसरं हनुवटीवर. नाक लांब असेल तर तेच ओठ मागे पडतात. नाक बसकं असेल, हनुवटी थोडी आत असेल, तर तेच ओठ पुढे येतात. म्हणजे ओठांवर जो दोष लिहिला जातो तो कित्येकदा नाकाचा हिशेब असतो. नाकाची ठेवण तर कुळाकुळात, प्रदेशाप्रदेशात वेगळी.

दुसरी गोष्ट वयाची. पौगंडावस्थेत नाक वाढतं, हनुवटीही पुढे येते, त्यामुळे ओठ या रेषेच्या मानानं आपोआप मागे जातात. पुढं वय वाढलं की ओठ पातळ होतात. माझ्याकडेच बघा. तेव्हा १२व्या वर्षी जो ओठ 'पुढे' आहे, तो २५व्या वर्षी कुठं असेल हे एका चित्रावरून पक्कं सांगता येत नाही. स्वतः रिकेट्स यांना वयाप्रमाणे होणारा हा बदल माहीत होता. पण कोष्टक एकदा छापलं गेलं की त्याच्या तळटिपा कोणी वाचत नाही.

हे आकडे आले कुठून?

चेहऱ्याचा कोन मोजण्याची कल्पना एक्स-रेपेक्षा फार जुनी आहे. हॉलंडमध्ये अठराव्या शतकात पेत्रुस कांपर नावाचे शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांना चित्रकलेचंही अंग होतं. त्यांनी 'मुखकोन' मांडला. ग्रीक पुतळ्याचा कोन १००च्या आसपास, युरोपीय माणसाचा ८०, आफ्रिकी माणसाचा ७०, ओरांगउटानचा ५८. कांपर स्वतः सगळी माणसं एकाच मूळ कुळातली मानणारे होते. पण त्यांचे आकडे एका ओळीत मांडले की शिडी तयार होते, आणि पुढच्या शतकात लोकांनी ती शिडीसारखीच वापरली. यातली मेख बघा. सर्वांत वरच्या पायरीवर कोणी जिवंत माणूस नाही, पुतळा आहे.

पुतळा पुढंही सुटला नाही. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांनीही चेहऱ्याच्या चर्चेत व्हॅटिकनमधल्या अपोलोच्या पुतळ्याचा आदर्श पुढं ठेवला होता.

मग आकड्यांचा जमाना आला. १९४८ साली विल्यम डाउन्स यांनी प्रमाणं मांडली. कशावरून? १२ ते १७ वर्षांच्या २० गोऱ्या मुलामुलींवरून. दात उत्तम जुळलेले, अशी २० मुलं. पुढं जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी बर्स्टोन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रमाणं दिली. ती डेन्व्हर इथल्या गोऱ्या मुलांच्या वाढीच्या नोंदींवर आधारलेली. मऊ भागांचा विचार आधी करा असं आग्रहानं सांगणाऱ्या आर्नेट यांच्या १९९९च्या पद्धतीला आधार कोणाचा? ४६ गोऱ्या मॉडेल्सचा. मॉडेल्स! म्हणजे ज्यांचा चेहरा हेच ज्यांचं पोट भरण्याचं साधन, त्यांच्यावरून बाकीच्यांचं प्रमाण.

मी या संशोधकांना नावं ठेवत नाही. त्यांना जे समोर मिळालं ते त्यांनी काळजीपूर्वक मोजलं. २० मुलांवरचं काम म्हणून डाउन्स यांचं काम प्रामाणिकच आहे. घोटाळा झाला तो प्रवासात. इलिनॉयमधल्या २० मुलांची सरासरी पुस्तकात शिरली, पुस्तक भारतात आलं, आणि एखाद्या कुणब्याच्या, बंजाऱ्याच्या किंवा सिंधी व्यापाऱ्याच्या मुलाच्या चेहऱ्यावर तिचं माप लागलं.

आणखी एक गोष्ट. ही प्रमाणं त्यांच्या स्वतःच्या देशातही लोकांना पटलेली नव्हती. १९७० साली पेक आणि पेक यांनी अमेरिकेत सौंदर्यस्पर्धा जिंकलेले, मॉडेल, कलावंत असे लोकांनी पसंत केलेले चेहरे मोजले. निष्कर्ष असा निघाला, की लोकांना जे चेहरे आवडतात त्यांचे ओठ आणि दात डॉक्टरांच्या प्रमाणापेक्षा अधिक भरलेले, थोडे पुढे आहेत. म्हणजे परदेशी माप आपल्याला बसलं नाही ही अर्धी गोष्ट झाली. ते त्यांच्या लोकांच्या आवडीलाही बसलं नव्हतं.

दुरुस्ती आणि तिचं श्रेय

या पार्श्वभूमीवर भारतीय निबंधांकडे बघा म्हणजे त्यांचं मोल कळेल. त्यांनी आपल्या माणसांचे एक्स-रे काढले आणि दाखवलं, की इथं चांगले जुळलेले दात असलेल्या, काहीही तक्रार नसलेल्या तरुणांतसुद्धा पुढचे दात अधिक झुकलेले आणि ओठ अधिक भरीव असतात. पाश्चात्त्य कोष्टक लावलं तर यातले कित्येक जण 'रोगी' ठरतील. हे सांगणं आवश्यकच होतं. न्यायशास्त्रात आम्ही म्हणतो की लक्षणाला अतिव्याप्तीचा दोष आहे. रोगाची व्याख्या अशी केली, की निरोगी माणसंही तिच्यात येऊन बसली. हा दोष या संशोधकांनी आकड्यांनिशी दाखवला. त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

पण मग ते पुढचं पाऊल टाकतात. म्हणतात, म्हणून आमच्या लोकांसाठी वेगळं कोष्टक हवं. इथं मला थांबावंसं वाटतं.

आपल्या वऱ्हाडात हे समजायला सोपं आहे. शाळेत पोरगं 'मले' म्हणालं की मास्तर 'मला' म्हण म्हणतात. प्रमाणभाषा! कोणी तरी म्हणतं, हा अन्याय आहे, वऱ्हाडीचंच व्याकरण लिहू. फार चांगलं. लिहा. पण कोणत्या वऱ्हाडीचं? अकोल्याकडची, मेळघाटाच्या पायथ्याची, की मलकापूरकडची, जिथं खान्देश कानाला लागतो? ज्या दिवशी एकीला तुम्ही प्रमाण वऱ्हाडी ठरवाल, त्या दिवशी दुसऱ्या गावचं पोरगं अशुद्ध होईल. मास्तर बदलला, छडी तीच राहिली.

आता माझे तीन आक्षेप क्रमानं सांगतो.

पहिला आक्षेप : माणसं निवडली कशी?

अशा अभ्यासांत माणसं निवडताना साधारण अटी अशा असतात : वय १८ ते २५च्या आसपास, दात नीट जुळलेले, आधी उपचार झालेले नाहीत, आईवडील त्याच प्रदेशातले, आणि चेहरा 'समतोल व प्रसन्न'. यातली शेवटची अट बघा. चेहरा प्रसन्न आहे हे ठरवणार कोण? बहुधा ऑर्थोडॉन्टिस्टच. त्यांची नजर कशावर तयार झाली? त्याच पाश्चात्त्य पुस्तकांवर. म्हणजे जुन्या प्रमाणावर घडलेली नजर चेहरे निवडणार, आणि त्या चेहऱ्यांवरून नवं प्रमाण निघणार. याला आमच्याकडं अन्योन्याश्रय म्हणतात. हा त्याचा टेकू, तो ह्याचा टेकू.

शिवाय सोयीचा मार्ग म्हणून पुष्कळदा दंत महाविद्यालयातलेच विद्यार्थी मोजले जातात. दंत महाविद्यालयात कोण पोचतं, याचा विचार करा. सातपुड्यातल्या कोरकू पाड्यावरचा मुलगा तिथं किती? मग त्या प्रमाणाला अख्ख्या प्रदेशाचं नाव कसं द्यायचं?

दुसरा आक्षेप : समूह कोणता?

हा आक्षेप खामगावकरांना चटकन पटेल. माझा जन्म झाला तेव्हा खामगाव मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. १९५६ साली आपण मुंबई राज्यात गेलो. १९६० साली महाराष्ट्रात. त्याच्या आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड, आणि त्याच्याही आधी निजामाचा वऱ्हाड. म्हणजे मी 'मध्य भारतीय' की 'महाराष्ट्रीय'? माझ्या लहानपणी दोन वेळा पत्ता बदलला, ओठ मात्र एक मिलिमीटरही हलले नाहीत.

राज्याचं नाव ही कारभाराची सोय आहे. चेहऱ्याची जात नाही. आपल्या गावातलाच एखादा वर्ग डोळ्यांपुढं आणा. कापसाच्या बाजारामुळं आलेल्या मारवाडी कुटुंबातला मुलगा, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबातला, पाटलाचा, माळ्याचा, बौद्ध, मुसलमान, बंजारा. सगळे एका बाकावर. या बाकाची सरासरी काढता येईल. गणिताला काही हरकत नाही. पण ती सरासरी बाकावरच्या एकाही पोराची नसेल.

इथं एक छोटा हिशेब करू. समजा, दोन समूहांच्या ओठांच्या सरासरीत २ मिलिमीटरचा फरक आहे, आणि प्रत्येक समूहातल्या माणसामाणसांतला नेहमीचा फरक, ज्याला सांख्यिकीत प्रमाण विचलन म्हणतात, तोही २ मिलिमीटर आहे. शोधनिबंधात हा फरक 'लक्षणीय' म्हणून छापला जाईल, आणि ते खोटं नाही. पण दोन्ही समूहांतून एक-एक माणूस डोळे मिटून उचला. दर चार जोड्यांत सुमारे एका जोडीत उलटा प्रकार दिसेल. ज्याच्या समूहाचे ओठ 'मागे', त्याचेच पुढे निघतील. समूहाबद्दल खरं असलेलं विधान माणसाबद्दल खरं असेलच असं नाही. हा फरक विसरला की अन्याय सुरू होतो.

हे फक्त ओठांचं नाही. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की माणसांतल्या आनुवंशिक विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग प्रत्येक लोकसमूहाच्या आतच सापडतो. नंतर कवट्यांच्या मोजमापांतही असंच चित्र दिसलं. फरक आहेत. पण ते आपण ओढलेल्या कुंपणाच्या आत जास्त आहेत, कुंपणाच्या दोन बाजूंमध्ये कमी.

डोकी मोजण्याचा आपला इतिहास

मराठी माणसाला हा धडा नवा असायला नको. आपण तो एकदा शिकलो आहोत.

हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाकं मोजली. नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तराला नासिका निर्देशांक म्हणतात. त्याचा दावा असा, की जात जितकी वरची तितकं नाक अरुंद. मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या घुर्यांनी १९३२च्या पुस्तकात हीच मोजमापं तपासली आणि हा नियम भारतभर लागू होत नाही असं दाखवलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात घुर्यांच्याच आकड्यांचा आधार घेऊन मुद्दा पुढं नेला. त्या मोजमापांवरूनच त्यांनी सांगितलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. अस्पृश्यतेचं मूळ वंशात शोधू नका. रिस्लेची पट्टी रिस्लेवरच लावली. १९३६ सालीही त्यांनी हेच सांगितलं होतं : पंजाबातला ब्राह्मण पंजाबातल्या चांभाराच्या जवळचा आहे, मद्रासमधल्या ब्राह्मणाच्या नव्हे.

आणि इरावती कर्वे. आपण त्यांना 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. मला त्यांच्याबद्दल थोडा जास्त जिव्हाळा, कारण त्यांची पहिली पदवी तत्त्वज्ञानाची. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, जे पुढं नाझींच्या वंशविज्ञानाचे आधारस्तंभ झाले. फिशर यांचं गृहीतक असं, की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत एक विशिष्ट असमतोल असतो, आणि तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमतोल सगळीकडं सापडला, पण त्याचा वंशाशी संबंध सापडला नाही. तसं त्यांनी प्रबंधात लिहिलं. गुरू समोर बसलेले, देश परका, वय पंचविशीच्या आसपास. हे धाडस लहान नाही.

पण त्यांनी मोजणं सोडलं नाही, हेही लक्षात घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींची मोजमापं वर्षानुवर्षं घेतली. वि. म. दांडेकरांच्या सांख्यिकीच्या मदतीनं १९५१ साली ती प्रसिद्ध झाली. त्यातून त्यांना दिसलं, की 'ब्राह्मण' किंवा 'कुंभार' अशा एका नावाखाली आपण जे गट एकत्र बांधतो ते शरीराच्या मापांत एकजिनसी नाहीत. नाव एक, माणसं वेगळी. मोजायचं, आणि मोजलेल्यातून आपल्याच शब्दाला आव्हान द्यायचं, ही मराठी परंपरा आहे. आजचे निबंध मोजतात नीट, पण आपल्या शब्दाला आव्हान देत नाहीत. 'मध्य भारतीय' हा शब्द आधी घेतात आणि शेवटी तोच परत ठेवतात.

तिसरा आक्षेप : 'आहे'वरून 'असावं' कसं आलं?

हा सर्वांत महत्त्वाचा. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम यांनी बजावून ठेवलं, की 'असं आहे' या विधानांतून 'असं असावं' हे विधान आपसूक निघत नाही. मध्ये काही तरी घालावं लागतं. सरासरी हे 'आहे' आहे. उपचाराचं ध्येय हे 'असावं' आहे. महाराष्ट्रातल्या पुरुषांची सरासरी उंची काढली म्हणून त्याहून उंच माणसाचे पाय कोणी कापत नाही. पण दातांच्या बाबतीत आपण नेमकं हेच करायला निघतो. कोष्टकातला आकडा तीन, तुमचा सहा, म्हणून तीनवर आणायचं. का आणायचं? याचं उत्तर कोष्टकात नसतं.

आपल्या सराफ्यात महालक्ष्म्यांचे चांदीचे मुखवटे मिळतात. तिथं साचा लागतो, आणि तिथं तो शोभतो. देवीचा चेहरा घरोघरी सारखा असायला हरकत नाही. पोरीबाळींचा कशाला?

आणि हे 'असावं' स्थिरही नाही. अँगल यांचा आग्रह होता की निसर्गानं दिलेले सगळे दात ठेवा. १९११ साली केल्विन केस यांनी त्याला विरोध केला, मोठा वाद झाला. तेव्हा अँगलची बाजू वरचढ राहिली. मग अँगल यांचेच शिष्य ट्वीड यांनी १९४०च्या सुमारास उपदाढा काढून उपचार करण्याचा पुरस्कार केला आणि पारडं फिरलं. नंतर पुन्हा न काढण्याकडं कल गेला. तोच चेहरा, तेच दात; कोणत्या दशकात तुम्ही डॉक्टरांकडं गेलात यावर तुमच्या तोंडात २८ दात राहणार की २४, हे ठरायचं.

पणाला काय लागलंय?

दोनेक वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी मुलीला घेऊन घरी आला. मुलगी १३ वर्षांची. एका शहरातल्या दवाखान्यातला अहवाल हातात. दोन्ही जबड्यांचे दात पुढे, चार उपदाढा काढून तारा लावाव्यात, असं लिहिलेलं. तो म्हणाला, "सर, आमाले तं काही वावगं दिसत नव्हतं. पन कागदावर लिवलं हाये, म्हून जीव खालीवर होते. उद्या लग्नाच्या टायमाले कोनं नाव ठेवलं तं?"

मी मुलीला विचारलं, "तुला काय त्रास होतो गं?" ती म्हणाली, "काहीच नाही, आजोबा." आईचे ओठ असेच, आजीचेही असेच. बाप मात्र त्या दिवसापासून पोरीकडं निरखून बघायला लागला होता. मला वाटतं, इजा तिथंच सुरू झाली होती, दात काढायच्या आधीच.

मी त्यांना उपचार करा किंवा करू नका यातलं काहीच सांगितलं नाही. ते माझं काम नव्हे. डॉक्टरांना विचारायला तीन प्रश्न लिहून दिले. ते तुम्हालाही देतो.

पहिला : यातलं काम बिघडलंय का? म्हणजे चावता येतं का, ताण न देता ओठ मिटतात का, बोलताना अडचण आहे का, दात इतके पुढे आहेत का की पडल्यावर मोडतील. पुढचे दात फार पुढे असले तर आपटून मोडण्याचा धोका वाढतो, हे खरं आहे. हे कामाचं कारण झालं.

दुसरा : ज्या आकड्याशी तुलना केली तो कोणाच्या चेहऱ्यावरून आला, आणि त्याच समूहात निरोगी माणसांचा पल्ला कुठपासून कुठपर्यंत आहे? सरासरी विचारू नका, पल्ला विचारा.

तिसरा : काहीच केलं नाही तर काय होईल, आणि थांबलं तर काय बिघडेल? काढलेली उपदाढ परत लावता येत नाही. आणि दात मागे घेतले की ओठ नेमका किती मागे जाईल हे माणसागणिक बदलतं. त्याचा ठाम हिशेब नाही.

त्या डॉक्टरांनी वेळ देऊन तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली, आणि दोन वर्षं वाढ बघून मग ठरवू असं दोघांचं ठरलं. चांगल्या डॉक्टरला असे प्रश्न आवडतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्नोत्तर

(एका श्रोत्यानं विचारलं : सर, मग ही मोजमापं फेकूनच द्यायची का? ज्याचा जबडा खरोखर आत आहे त्याची शस्त्रक्रिया कशाच्या आधारानं करायची?)

चांगलं विचारलंत. फेकायची अजिबात नाहीत. लहानपणी हनुवटीवर पडून सांध्याला इजा झाली आणि जबडा वाढलाच नाही, किंवा दुभंगलेल्या ओठाचं बाळ आहे, तिथं शल्यविशारदाला आकडे लागणारच. आणि तिथं डेन्व्हरच्या मुलांपेक्षा इथल्या माणसांचे आकडे शतपटीनं बरे. मी म्हणतो ते इतकंच, की आकडा हा साक्षीदार आहे, त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवू नका. साक्षीदाराला आपण विचारतो, तू कुठं होतास, काय पाहिलंस, किती लांबून पाहिलंस. तसंच त्यालाही विचारा. मग त्या माणसाची तक्रार, त्याच्या तोंडाचं काम, त्याच्या घरातले चेहरे, त्याचं वय, हे सगळं एकत्र ठेवून ठरवा.

संशोधकांना माझी विनंती एवढीच. पुढचा निबंध लिहाल तेव्हा शीर्षकात प्रदेशाचं नाव घालण्याआधी कोणाला मोजलं आणि कोणाला नाही हे लिहा. सरासरीच्या शेजारी पल्ला ठळक छापा. 'प्रसन्न चेहरा' ही अट काढून टाका. तक्रार नसलेला, काम नीट चालणारा चेहरा घ्या, मग तो तुम्हाला प्रसन्न वाटो न वाटो. असं केलंत तर कदाचित वेगळं कोष्टक करायची गरजच कमी होईल, कारण निरोगी चेहऱ्यांचा पल्ला किती रुंद आहे हे दिसेल, आणि खामगावची ती पोरगी त्यात कुठं तरी आरामात बसलेली सापडेल.

इथंच थांबतो.